शूटिंग रेंजवर झाडलेली गोळी शेवटी जाते कुठे? मातीत साठणाऱ्या शिशाबद्दल सगळं काही

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि अख्ख्या महाराष्ट्राचे स्टेटस बदलले. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, अंजली भागवत ही नावं आपल्याला आधीपासून माहीत होतीच. स्वप्नीलच्या पदकानंतर मात्र अनेक घरांत "आई, मला पण शूटिंग शिकायचंय" हे वाक्य ऐकू यायला लागलं.

शिकवा की. खेळ उत्तम आहे. पण या खेळाबद्दल एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लक्ष्याला भोक पाडून पुढे गेलेल्या गोळीचं पुढे काय होतं?

उत्तर साधं आहे. ती मातीत जाते आणि तिथेच राहते. ती गोळी शिशाची असते आणि शिसं कुजत नाही, विरत नाही, उडून जात नाही. शूटिंग रेंजच्या मातीत जड धातू साठण्याचा हा विषय जगभर गेली ३०-४० वर्षं अभ्यासला जातोय. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. म्हणून हा लेख.

थोडक्यात काय?

- गोळ्या आणि छर्रे प्रामुख्याने शिशाचे असतात. सोबत ॲंटिमनी, तांबं, जस्त आणि थोडं आर्सेनिकही असतं.
- हे धातू रेंजच्या मातीत वर्षानुवर्षं साठतात. पाऊस आणि आम्लधर्मी माती यांच्यामुळे ते पुढे सरकू शकतात.
- सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि रेंजवर रोज काम करणाऱ्यांना असतो.
- यावर उपाय आहेत आणि ते फार अवघड नाहीत. पण त्याआधी माती तपासावी लागते.

एका गोळीत असतं तरी किती शिसं?

पॉइंट टू टू (.२२) रायफलची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि ती जवळपास पूर्ण शिशाचीच असते. स्वप्नीलच्या प्रकारात पात्रता फेरीत ६० शॉट असतात. म्हणजे एका खेळाडूच्या एका फेरीत दीडशे ग्रॅमच्या वर शिसं. सरावाचे शॉट वेगळे.

आता समजा, एका रेंजवर २० खेळाडू रोज प्रत्येकी २०० गोळ्या झाडतात. दिवसाचे झाले सुमारे १० किलो. वर्षातले २५० दिवस धरले तर २,६०० किलो. अडीच टनांहून जास्त शिसं, तेही एका वर्षात आणि एकाच ठिकाणी. हा फक्त अंदाज यावा म्हणून केलेला हिशेब आहे, कुठल्या एका रेंजचा आकडा नाही.

ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरायचा प्रकार, याची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, संख्येने साधारण ३००. स्पर्धेच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात. प्रत्येकीवर एकच काडतूस झाडलं तरी एका खेळाडूमागे ३ किलो शिसं होतं. आणि हे शिसं एका जागी पडत नाही. ते १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात पावसासारखं विखुरतं. त्यामुळे ते परत गोळा करणं सगळ्यात कठीण असतं. तबकड्याही निरुपद्रवी नसतात. बऱ्याच तबकड्या चुनखडी आणि डांबरासारख्या पदार्थापासून बनतात, त्यामुळे त्यांचे तुकडे मातीत वेगळी घातक रसायनं सोडतात.

पोलिस आणि लष्कराच्या गोळ्यांमध्ये सहसा शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. म्हणून फायरिंग रेंजच्या मातीत शिशासोबत तांबं आणि जस्तही सापडतं. गोळी कडक व्हावी म्हणून शिशात ॲंटिमनी मिसळतात, तर छर्रे गोल बनावेत म्हणून थोडं आर्सेनिक.

पण एअर रायफल तर सुरक्षित ना?

तुलनेने हो, पूर्णपणे नाही. १० मीटर एअर रायफलचा पेलेट अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्यात दारू पेटत नाही, त्यामुळे धूर नसतो. पण पेलेट शिशाचाच असतो. तो हाताने भरला जातो, त्याचा काळपट थर बोटांवर बसतो आणि लक्ष्यामागच्या पेटीत बारीक धूळ साठते. तोच हात वडापावला लागला की शिसं पोटात.

पॉइंट टू टू आणि त्यापुढच्या बंदुकांमध्ये आणखी एक गोष्ट असते. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारं जे रसायन असतं, त्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं. म्हणजे प्रत्येक शॉटला थोडं शिसं धुरातून बाहेर पडतं. म्हणून बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती असणं फार महत्त्वाचं आहे. आणि म्हणूनच माती फक्त लक्ष्यामागे दूषित होत नाही, नेमबाज जिथे उभा राहतो तिथेही होते.

मातीत गेल्यावर शिशाचं काय होतं?

भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळ धारावीचा किल्ला आहे. मराठ्यांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, इथे पोर्तुगीजांशी लढाई झाली. त्या काळच्या बंदुकांच्या गोळ्याही प्रामुख्याने शिशाच्याच असायच्या. युरोपातल्या तितक्याच जुन्या रणांगणांवर आजही मातीतून अशा गोळ्या निघतात. आकार शाबूत असतो, वर फक्त पांढरट पापुद्रा चढलेला असतो.

तो पांढरा पापुद्राच खरी बातमी आहे. हवा, पाणी आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे शिशाच्या पृष्ठभागावर शिशाचे ऑक्साइड आणि कार्बोनेट तयार होतात. धातूच्या अखंड गोळीपेक्षा ही संयुगं पाण्यात आणि शरीरात जास्त सहज मिसळतात. डेन्मार्कमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मातीतला शिशाचा छर्रा पूर्ण बदलून जायला तिथल्या हवामानात १०० ते ३०० वर्षं लागतात. म्हणजे रेंज बंद झाली, क्लबची पाटी निघाली, खेळाडूंच्या तीन पिढ्या गेल्या, तरी माती शिसं सोडतच राहणार.

हे शिसं पुढे किती सरकणार, ते मातीवर ठरतं.

- माती आम्लधर्मी असेल तर शिसं जास्त विरघळतं. कोकणपट्टीतली जांभ्याची माती बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी असते. दिलासा इतकाच की या लाल मातीतले लोहाचे ऑक्साइड शिशाला बऱ्यापैकी धरून ठेवतात.
- पाऊस जास्त असेल तर धातू नुसता विरघळून जात नाही, तर मातीच्या बारीक कणांना चिकटून वाहून जातो. आपल्याकडे चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो, त्यात उताराची उघडी माती थेट नाल्यात जाते.
- मातीत क्षार असतील, म्हणजे खाडीकाठची जमीन असेल, तर क्लोराइडमुळे शिशाची विद्राव्यता वाढू शकते.
- खारफुटीचा चिखल शिशाला गंधकाच्या संयुगांत बांधून ठेवतो. तो उपसला, हवा लागली, की बांधलेला धातू पुन्हा मोकळा होऊ शकतो.

साध्या मातीत एका किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसं निसर्गतःच असतं. जुन्या रेंजवर लक्ष्यामागे मातीचा जो ढिगारा असतो, ज्याला रेंजवर 'बट' म्हणतात, तिथे हा आकडा हजारांत आणि काही ठिकाणी दहा हजारांच्याही वर गेलेला परदेशी अभ्यासांत दिसलाय. तुलनेसाठी सांगायचं तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतीच्या मातीसाठी जी इशारा-पातळी ठरवली होती, ती जानेवारी २०२४ मध्ये किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली.

शरीरात गेलं तर?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे. शिशाची 'इतकं चालेल' अशी कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही.

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल गिळलेल्या शिशापैकी चार ते पाच पट जास्त शिसं शोषून घेतं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. लक्ष न लागणं, शिकायला जड जाणं, बुद्ध्यांक घटणं. आणि हे नुकसान बहुतांशी भरून येत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब, मूत्रपिंड आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकं राहतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम बाहेर पडतं, तेव्हा त्याच्यासोबत हे शिसंही बाहेर येऊन बाळापर्यंत पोहोचू शकतं.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली आहेत. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. याचं मुख्य कारण शूटिंग रेंज नाहीत. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं, रंग, भेसळीचे मसाले, काही भांडी ही मोठी कारणं आहेत. पण जी मुलं आठवड्यातून पाच दिवस रेंजवर जातात, त्यांच्यासाठी रेंज हेच मोठं कारण ठरू शकतं.

२०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३१ अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं सापडलं होतं. अमेरिकेत मुलांच्या बाबतीत ३.५ मायक्रोग्रॅमलाच डॉक्टर सावध होतात.

जगात काय घडलंय?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात स्ट्रॅटफर्ड इथे समुद्रकाठी लॉर्डशिप नावाचा गन क्लब होता. सुमारे ७० वर्षं तिथे पाण्याच्या दिशेने तबकड्यांवर नेमबाजी झाली. किनाऱ्यावर आणि समुद्रात मिळून अंदाजे ५० लाख पौंड, म्हणजे २२ लाख किलोहून जास्त शिशाचे छर्रे साठले. पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात. त्यांनी खड्यांसोबत छर्रेही गिळले. शेवटी किनाऱ्यावरच्या मच्छिमारांची संघटना कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये अपील न्यायालयाने असे साठलेले छर्रे कायद्याच्या नजरेत कचरा ठरू शकतात, असा निकाल दिला. खेळ संपल्यावर छर्रा 'सामान' राहत नाही, 'कचरा' होतो, हा त्याचा साधा अर्थ.

दुसरी गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प एडवर्ड्सची. तिथली जमीन वाळूची आणि खालचं भूजल आसपासच्या लोकांचं पिण्याचं पाणी. म्हणून १९९७ मध्ये तिथे शिशाच्या गोळ्या थांबवल्या गेल्या. त्यांच्या जागी टंगस्टनच्या 'हरित' गोळ्या आल्या. काही वर्षांतच टंगस्टन विरघळून भूजलात उतरल्याचं दिसलं आणि २००६ मध्ये त्याही थांबवाव्या लागल्या. धडा असा की नुसता धातू बदलून भागत नाही, गोळी मातीत जाणारच नाही अशी सोय करावी लागते.

डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाचे छर्रे बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागांवर शिशाच्या छर्र्यांना फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे.

मीरा-भाईंदरकरांनी हे का वाचायचं?

एक, इथली मुलं रेंजवर जातात. कोणी उपनगरातल्या एअर रायफल क्लबात, कोणी थेट वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, कोणी शिबिरासाठी पुण्याच्या बालेवाडीला. नाव घेतलं म्हणजे तिथे प्रदूषण आहे असा अर्थ काढू नका. माती आणि धूळ तपासल्याशिवाय कुठल्याही रेंजबद्दल असं बोलता येत नाही. मुद्दा इतकाच की प्रश्न विचारायचा हक्क पालकांना आहे.

दोन, हे शहर जमिनीचा वापर झपाट्याने बदलणारं शहर आहे. मिठागरं, शेतं, स्टीलच्या भांड्यांचे गाळे, खाडीकाठचा भराव, आणि काही वर्षांनी त्याच जागी टॉवर. जड धातूंच्या बाबतीत जमिनीचा इतिहास फार महत्त्वाचा असतो. आज जिथे मुलांचं गार्डन आहे, तिथे आधी काय होतं आणि भरावाची माती कुठून आली, हे मातीला आठवत असतं.

तीन, उत्तन. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो आणि त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल तिथले शेतकरी आणि मच्छिमार अनेक वर्षं तक्रार करत आलेत. मिश्र कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, इलेक्ट्रॉनिक भंगार असतं. म्हणजे धातू वेगळ्या वाटेने येतो, पण मातीत गेल्यावर त्याचे नियम तेच. उतार, पाऊस, मग शेत, मग खाडी.

आणि चौथं, घराघरातलं. मासेमारीच्या काही जाळ्यांना शिशाची वजनं लावतात. जुनं शिसं घरी वितळवून वजनं ओतायची पद्धत बऱ्याच किनाऱ्यांवर आहे. रेंजवरून वेचलेलं भंगार वितळवणं हाही त्यातलाच प्रकार. हा धूर रेंजच्या मातीपेक्षा जास्त घातक असतो. घरात, चुलीवर, मुलांच्या आसपास शिसं कधीही वितळवू नका.

भारतात कायदा काय सांगतो?

पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली हटवलं. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दूषित जमिनीसाठी मात्र स्वतंत्र नियम यायला २०२५ उजाडलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. त्यानुसार संशयित जागा स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने शोधायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायच्या आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा.

यात एक मेख आहे. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि कचराभूमीतला घनकचरा यांच्यासाठी वेगळे कायदे असल्यामुळे ते साधारणपणे या नियमांच्या बाहेर ठेवलेत. शूटिंग रेंज या वगळलेल्या यादीत नाहीत. उत्तनसारखी कचराभूमी मात्र मुख्यतः घनकचऱ्याच्या नियमांखाली येते. तक्रार करताना हा फरक माहीत असलेला बरा.

आणखी एक गैरसमज. "आमच्याकडे सॉइल हेल्थ कार्ड आहे, माती चांगली आहे." त्या कार्डावर १२ गोष्टी तपासल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं त्यात नाही. ते वेगळं सांगून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं.

मग उपाय काय?

रेंज चालवणाऱ्यांसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेची मार्गदर्शिका आहे. तिचा गाभा असा:

१. गोळी अडवा. मोकळ्या मातीऐवजी पोलादी ट्रॅप, रबराचे तुकडे किंवा वाळूचा बदलता थर वापरा.
२. शिसं सरकू देऊ नका. बटवर गवत लावा, पावसाचं पाणी वळवा, मातीचा सामू ६.५ ते ८.५ मध्ये ठेवा.
३. वेळोवेळी काढा. माती चाळून शिसं वेगळं करा आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राला द्या. शिशाला भाव मिळतो, त्यामुळे खर्चाचा काही भाग निघतो.
४. नोंद ठेवा. किती गोळ्या झाडल्या, कधी सफाई केली, माती कधी तपासली.

मातीत फॉस्फेट मिसळलं तर शिसं जवळपास न विरघळणाऱ्या खनिजात बदलतं. चुना टाकल्यानेही शिसं आवरतं. पण सावध, चुन्याने सामू फार वाढला तर ॲंटिमनी उलट जास्त मोकळं होतं. म्हणून "टाका दोन गोणी चुना" असा घरगुती तोडगा इथे चालत नाही. आधी तपासणी, मग औषध.

पालक आणि खेळाडूंनी एवढं करा

- रेंजवर खाणं-पिणं नको. बाहेर आल्यावर आधी साबणाने हात आणि तोंड धुवा, मग डबा उघडा.
- रेंजचे कपडे आणि बूट वेगळे ठेवा. कपडे घरातल्या इतर कपड्यांसोबत धुऊ नका. बूट दाराबाहेर.
- पेलेट तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडवा.
- कोरडा झाडू मारलेला दिसला तर हटका. धूळ ओल्या फडक्याने पुसायची असते.
- नियमित शूटिंग करणाऱ्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर जास्तच.
- क्लबला तीन प्रश्न विचारा. हवा बाहेर काढायची काय सोय आहे? ट्रॅपमधलं शिसं कोण, कधी आणि कुठे नेतं? धूळ किंवा माती शेवटची कधी तपासली?

संशयित जागेजवळ भाजी पिकवत असाल तर लक्षात ठेवा, शिसं झाडात वरपर्यंत फारसं चढत नाही. ते मुळाशी राहतं. धोका असतो तो कंदमुळांवरच्या मातीचा आणि पालेभाजीवर बसलेल्या धुळीचा. म्हणून मुळा, गाजर सोलून आणि पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, आणि माती तपासून येईपर्यंत लहान मुलांना त्या वाफ्यांत खेळू देऊ नका.

शेवटचा प्रश्न: मग मुलाला शूटिंगला घालायचं की नाही?

जरूर घाला. हा लेख खेळाच्या विरोधात नाही. शिशामुळे होणारा त्रास दिसत नाही, दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून तो राहून जातो. पण तो टाळता येतो, आणि टाळायचा खर्च एका साबणाच्या वडीपासून सुरू होतो. पुढच्या वेळी मुलाला रेंजवर सोडायला जाल तेव्हा लक्ष्याकडे बघून झालं की एकदा लक्ष्यामागे काय आहे तेही बघा. आणि तिथे साठलेलं शिसं कोण उचलतं, हे विचारूनच घरी या.